त्रुटी न काढणारी शाखा

वेसावे, अंधेरी पश्चिम
१९ मे २०२५

प्रिय संघमित्रा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. तुझा जुना नंबर लागत नाही, नवा माझ्याकडे नाही, आणि कार्यालयाच्या ईमेलवर हे लिहिलं तर ते कोणाकोणाच्या डोळ्यांखालून जाईल सांगता येत नाही. म्हणून आपली शाळेतली पद्धत. मे महिन्याच्या सुट्टीत तू महाडला मामाकडे जायचीस आणि मी इथून आंतर्देशीय पत्र पाठवायचे, चिकटवायच्या घडीवरसुद्धा दोन ओळी कोंबून. पत्राची सुरुवात समोरच्याची तब्येत विचारून करावी, असं सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलं होतं. तर, तब्येत कशी आहे? माझी बरी आहे. आता मुद्द्यावर येते, कारण डोकं तापलं आहे.

घरून काम बंद करायचा आदेश गेल्या आठवड्यात इथे पोचला. खाली सहसंचालक म्हणून तुझी सही. ‘स’ची गाठ अजून तशीच मारतेस. ती बघून पहिल्यांदा बरं वाटलं, मग वरचा मजकूर वाचला.

तू नागपूरला गेलीस त्यानंतरचं सगळं तुला माहीत नसेल म्हणून सांगते. एमआयडीसीच्या मागच्या आपल्या इमारतीत चार वर्षांपूर्वी आमच्या खोलीचा स्लॅब पडला. सुदैवाने रविवार होता. उरलेली अर्धी खोली दुसऱ्या कार्यालयाला गेली आणि आमच्या मासेमारी नौकांच्या परवाना शाखेला सांगितलं, जागा होईपर्यंत घरून काम करा. जागा अजून झालेली नाही. आता आदेश आहे की आमच्या कार्यालयातल्या सगळ्यांनी जागेवर बसून काम करायचं. कुठल्या जागेवर? मी आणि दिपाली, शाखेत आम्ही दोघीच उरलो आहोत, झेरॉक्स मशीनच्या खोलीत बसतो. मशीन बंद आहे, पण ते हलवायला वेगळी परवानगी लागते. खिडकी नाही. मोबाइलला रेंज नाही. टेबलावरच्या फोनवरून बाहेर फोन लागत नाही. लावायचा तर परबसाहेबांच्या खोलीत जाऊन, रजिस्टरमध्ये कारण लिहून. हजेरीच्या यंत्राला माझा चेहरा पटत नाही. मी चष्मा काढते, घालते, पदर सारखा करते, ते म्हणतं पुन्हा प्रयत्न करा. सत्तावन्न वर्षांच्या बाईने रोज सकाळी एका भिंतीसमोर उभं राहून मी मीच आहे म्हणून विनवायचं.

लवू परबसाहेब माणूस वाईट नाही. पण नागपूरहून आलेल्या कागदालासुद्धा ते खुर्चीतून उठून उभे राहतात. मी म्हटलं, साहेब, फोन नाही तर आमचं काम कसं चालणार, तर म्हणाले, आदेशात फोनाचो उल्लेख नाय. मग दार लावून डबा खायला बसले. ते डबा नेहमी दार लावूनच खातात, बांगडा कोणाला द्यायला लागू नये म्हणून.

हे सगळं मी सोसेन. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे, तुलाही. मी लिहितेय ते दिपालीसाठी.

दिपाली आमची कंत्राटी ऑपरेटर. घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहते. नवरा सुबोध रिक्षा चालवायचा, साखरेने त्याची नजर गेली. आता सावल्या दिसतात तेवढंच. घरात पगार येतो तो हिचाच. घरून काम करत होती तोवर एका डोळ्याने पोर्टल आणि एका डोळ्याने सुबोध, असं चालायचं. आता तो एकटा असतो आणि हट्टाने भातही लावतो, बोट बुडवून पाणी मोजून. हिचं मन त्या गॅसपाशी. तरी ती वेळेवर येते. पण हिचं कंत्राट जुलैअखेर संपतं, आणि त्याआधी तू अध्यक्ष असलेली समिती कुठल्या शाखेत किती माणसं ठेवायची ते ठरवणार आहे. परबसाहेब म्हणाले, ज्या शाखेचा निकालीचा आकडा कमी, तिथला माणूस जाणार. आमचा आकडा विभागात सगळ्यात कमी आहे.

तो का कमी आहे हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? आम्ही अजून ‘कच्चं बघतो’. अर्ज पोर्टलवर आला की तो नोंदवायच्या आधी वाचतो, काय राहिलंय ते बघतो, त्या माणसाला फोन करतो, की बाबा, अमुक कागद पाठव. तो फोनवर फोटो पाठवतो, आम्ही जोडतो, मग नोंद. एक अर्ज, एक नोंद, एक परवाना. इतर कार्यालयांत अर्ज आला की नोंद, मग त्रुटी काढून परत. परत पाठवला की निकाली. तो माणूस पुन्हा अर्ज करतो, नवा क्रमांक, पुन्हा त्रुटी, पुन्हा निकाली. एका परवान्याचे तीन आकडे होतात. आमचा एकच. आमच्याकडून कोणी परत जात नाही, म्हणून आमच्याकडे काम नाही असं दिसतं.

एवढंच तुला सांगायचं होतं. नाव कापण्याआधी हे एकदा डोळ्यांखालून घाल. जुन्या ओळखीचा फायदा मागत नाही. फक्त तू हे ओळखशील, दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिलं.

घराचा पत्ता नाही, तेव्हा कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवते.

तुझी,
रत्नप्रभा


वेसावे
१७ जून २०२५

संघमित्रा,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझं नाही, तुझ्या कार्यालयाचं.

काल परबसाहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावलं. टेबलावर माझं पत्र. माझं निळ्या शाईचं, तब्येत विचारून सुरू केलेलं पत्र. डोक्यावर गोल शिक्का, आवक क्रमांक, विषय म्हणून कोणीतरी लाल अक्षरात लिहिलेलं: ‘कर्मचाऱ्याची तक्रार’. खाली शेरा: ‘संबंधित कार्यालयाने अभिप्रायासह अहवाल सादर करावा.’ चार टेबलांच्या सह्या. माझं खासगी पत्र नागपूरभर फिरून, नियमाप्रमाणे एकेक पायरी उतरत, ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यांच्याच टेबलावर येऊन बसलं.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. परबसाहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “बाये, माका भित्रो म्हटलंस ता एकवेळ खरा धरूया. पण बांगड्याचा कित्याक लिवलंस? डॉक्टरान माका मासे सोडूक सांगलेत. घरात कळूचा नाय म्हणान दार लावतंय.”

मी माफी मागितली. ते म्हणाले, माफीचं राहू दे, अभिप्राय तूच लिही, मला तुझ्यावर काय लिहायचं सुचत नाही. तेव्हा मीच माझ्या पत्रावर अभिप्राय लिहिला: ‘अर्जदार ज्येष्ठ कर्मचारी असून त्यांनी भावनेच्या भरात लिहिल्याचे दिसते. मांडलेल्या मुद्द्यांबाबत निर्णय वरिष्ठ स्तरावरील असल्याने पत्र दप्तरी दाखल करण्यास हरकत नाही.’ साहेबांनी वाचलं, ‘छान लिवलंस’ म्हणाले आणि सही केली. पोर्टलवर ते प्रकरण आमच्या शाखेच्या नावावर निकाली म्हणून चढलं. या महिन्यात आमचा आकडा एकाने वाढला.

आता खरं सांग, ते पत्र तू वाचलंस का? वाचून खाली पाठवलंस, की तुझ्या टेबलापर्यंत ते आलंच नाही? मला झोप लागत नाही ती एवढ्यासाठी. मागच्या वर्षी तू तपासणीला आलीस, आम्हाला घरून बोलावून घेतलं होतं, तेव्हा सगळ्यांसमोर मला ‘आपण बसावं, मॅडम’ म्हणालीस. मी बसले. ते समजू शकते, चारचौघांत अधिकाऱ्याला तसंच वागावं लागतं. पण चहाच्या वेळी आपण दोघीच होतो तेव्हासुद्धा तू मॅडमच म्हणालीस.

आय गेली तेव्हा तू आली नाहीस, ते मी आजवर कोणापाशी काढलं नाही. तिला शेवटच्या महिन्यात माणसं ओळखू येत नव्हती, पण संगू का नाय आयली, हे दोनदा विचारलं. तुझं नाव तिला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. शाळेत असताना दोन डबे भरायची, एक माझा, एक तुझा. वर्गात आपल्या दोघींच्या शेजारी कोणी डबा उघडायचं नाही, माझ्या सुक्या सोड्यांच्या वासामुळे, आणि तुझ्या बाबतीत कशामुळे ते तेव्हा मला कळायचं नाही. तुला कळत होतं. तू मान ताठ ठेवून जेवायचीस. म्हणून तू अधिकारी झालीस आणि मी नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे, आणि त्यात मला कधी वाईट वाटलं नाही.

असो. दिपालीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मॅडमची नागपूरला ओळख आहे, काहीतरी होईल. काल ती घरून निघताना सुबोधने हात भाजून घेतला. फार नाही. ती पट्टी बांधून दहा मिनिटं उशिरा आली, अर्धा दिवस रजा लागली.

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. पत्ता परबसाहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिला, आणि मी दिला म्हणून सांगू नकोस म्हणाले. सांगितलं. त्यांचं कौतुक तरी तुझ्यापर्यंत पोचावं.

रत्ना


वेसावे
९ जुलै २०२५

संघू,

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी फोनवर बोललो ते माझ्या डोक्यातून जात नाही. जे तेव्हा बोलता आलं नाही ते लिहिते.

पहिल्यांदा हे, की तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. तू रत्ना म्हणालीस. तुझ्या नावाची पाकिटं आता तू उघडत नाहीस, पहिलं पत्र तू दुसरं वाचल्यावर शोधून मागवलंस, यावर माझा विश्वास आहे. आयचं नाव तू काढलंस आणि पुढे बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. ते आता आपल्या दोघींमध्ये तसंच राहू दे, कधी समोर बसलो तर बघू.

पण नंतरचं. मी तुला कच्चं बघणं समजावायला लागले तर तू म्हणालीस, ते मला नको सांगूस, ते मी सुरू केलं होतं. बरोबर. मढच्या नौकेवरच्या त्या म्हाताऱ्या तांडेलाला एका सहीसाठी तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं, आणि तू उठून त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेलीस. आपल्याला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. परत येऊन मला म्हणालीस, रत्ना, हा माणूस एकदा इथे आला की त्याची एक खेप बुडते. त्या दिवसापासून आपण नोंदीआधी वाचायला लागलो. मोठे साहेब ओरडले तरी.

आणि आता तूच म्हणतेस, “समितीत पाच जण आहेत. परत न येणारी माणसं मी कुठल्या रकान्यात दाखवू, ते सांग.”

पुढे तूच म्हणालीस,

“बैठक पुढे ढकलून जुलैअखेरचा आकडा धरायला मी लावते. माझ्या हातात तेवढंच आहे. तोवर त्रुटी काढ, रत्ना. सगळे काढतात तशा काढ.”

मी म्हटलं, हे तू बोलतेस? त्यावर तू म्हणालीस, “तुला दिपाली वाचवायची आहे की आपली रीत?”

दोन दिवस तुझा राग राग केला. मग सुबोधच्या हाताची पट्टी बदलायला दिपालीने लवकर जायची परवानगी मागितली, आणि माझा राग संपला नाही पण त्याचा काही उपयोग उरला नाही. त्या मंगळवारी तिला सांगितलं, की आता नोंद आधी, वाचणं नंतर, आणि काही राहिलं असेल तर अर्ज परत.

“म्हणजे जिन्यात जाऊन फोन नाही करायचा?”

“नाही.”

“आणि त्यांनी केला तर?”

“पोर्टलवर बघा म्हणायचं.”

तिने माझ्याकडे बघितलं. हे का आणि कोणासाठी, ते तिला कळलं होतं. माझ्यासाठी असं करू नका, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला खोटं वाटलं असतं. तिने पदराने स्क्रीन पुसला आणि कामाला लागली.

त्रुटी काढायला अक्कल लागत नाही हे मला माहीत होतं, पण इतकी मजा येईल हे नव्हतं माहीत. खरंच सांगते, मजा येते, म्हणून जास्त चीड येते. सही चौकटीच्या रेषेला लागली, परत. फोटोमागचा पडदा पांढरा नाही, आकाशी आहे, परत. नौकेचा रंग अर्जात निळा आणि फोटोत उन्हामुळे हिरवट, परत. आणि एका अर्जात चार गोष्टी राहिल्या असल्या तर एकदम चारही सांगायच्या नाहीत. एक सांगायची. ती दुरुस्त करून आला की दुसरी. एका माणसाला चार वेळा निकाली काढता येतं. आमचा आकडा असा चढतो आहे की परबसाहेब रोज संध्याकाळी खोलीत डोकावून बघतात आणि ‘झकास’ म्हणतात. काल त्यांनी आम्हाला एक जास्तीची खुर्ची पाठवली. दोघींना तिसरी खुर्ची कशाला, पण ती ठेवून घेतली.

काल अंजनामावशीचा अर्ज आला. तुला आठवत असेल, आयच्या शेजारी मासळी घेऊन बसायची, आपण शाळेतून येताना आपल्या हातावर भाजलेला बोंबील ठेवायची. तिचा नवरा शिमग्यात गेला. नौका तिच्या नावावर करायची आहे, म्हणजे ऑगस्टमध्ये पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की बाहेर काढता येईल. अर्जाला मच्छीमार सोसायटीचं ना-हरकत पत्र जोडलेलं नव्हतं. ते पत्र आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, सोसायटीच्या कपाटात आहे. मी संध्याकाळी घरी जाताना आणलं असतं.

दिपाली म्हणाली, मॅडम, हा एक तरी कच्चा बघू.

मी म्हटलं, एकीला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल. आणि मीच बटण दाबलं. ‘ना-हरकत पत्र जोडलेले नाही. अर्ज परत.’ परत पाठवणाऱ्याचं नाव खाली आपोआप येतं.

तुला आवडेल म्हणून लिहितेय, आकडा आता विभागात दुसरा आहे. महिनाअखेर पहिला होईल.

रत्ना


वेसावे
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय संघू,

दिपालीचं कंत्राट वाढलं. अकरा महिने. आदेश आला त्या दिवशी तिने आधी सुबोधला फोन लावला, जिन्यात जाऊन, आणि तिथेच पायरीवर बसून राहिली. परबसाहेबांनी बर्फी मागवली. दार उघडं ठेवून खाल्ली. तू शब्द पाळलास, त्याबद्दल मी तुझे आभार मानते, आणि ते मनापासून आहेत. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

आदेशासोबत समितीच्या टिपणाची प्रत आली. त्यात आमच्या शाखेचं नाव आहे. ‘घरून काम बंद केल्यानंतर सदर शाखेच्या कार्यक्षमतेत लक्षणीय वाढ झाल्याचे निदर्शनास आले आहे.’ आणि पुढे, की हे उदाहरण लक्षात घेऊन उरलेल्या कार्यालयांतलीही घरून कामाची सवलत काढावी आणि ज्या शाखा असा आकडा देणार नाहीत तिथली पदं कमी करावीत.

मी ते चार वेळा वाचलं. आम्ही घरून करत होतो ते काम, आणि इथे बसून केला तो उद्योग. आणि तुझ्या टिपणात उद्योगाला काम म्हटलं आहे. दिपाली राहिली, पण दुसऱ्या कुठल्या गावात दुसरी दिपाली या टिपणावर जाईल, आणि ते टिपण आमच्या आकड्यावर उभं आहे. हे तुला दिसत होतं का गं, तू ‘त्रुटी काढ’ म्हणालीस तेव्हा? की तुलाही ते तयार मजकुरात घालून कोणीतरी पुढे ठेवलं आणि तू ‘स’ची गाठ मारलीस? चिडून विचारत नाही. म्हणजे चिडूनच विचारते आहे, पण उत्तर हवं आहे.

आता अंजनामावशी.

तिने अर्ज भरला तो नाक्यावरच्या सेवा केंद्रातून. तिला वाचता येत नाही, मोबाइल नंबर त्या केंद्रवाल्याने स्वतःचाच टाकला. अर्ज परत गेल्याचा निरोप त्याच्या फोनवर गेला आणि तिथेच राहिला. ती समजून होती की परवाना येतो आहे. तिने नौकेला रंग दिला, जाळी नीट करून घेतली, दोन खलाशी ठरवले. बंदी उठली, सगळ्यांच्या नौका गेल्या, हिची किनाऱ्यावर. तेव्हा ती केंद्रात गेली आणि त्याने छापील कागद काढून हातात दिला.

तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. पुनवेच्या आदल्या दिवशी. घरात वहिनी नारळाच्या करंज्या करत होती. मावशी ओट्यावर बसली, कागद माझ्यापुढे धरला आणि खालच्या नावावर बोट ठेवलं. कोणाकडून तरी वाचून घेतलं असणार.

“ह्या तुजाच नाव न गो?”

मी हो म्हटलं.

मी बोलायला लागले, की नियम आहे, आकडा आहे, आमच्याकडे एक बाई आहे, तिचा नवरा आंधळा आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. दिपालीचं ऐकून तर तिने हळहळ केली, बिचारी म्हणाली. मग म्हणाली, “मना सांगतीस तं मी आनून दिला असता न. दोन गल्ल्या तं हाय. सांगला का नाय?”

ओरडली असती तर बरं झालं असतं. वहिनीने करंजी दिली ती तिने खाल्ली, पाणी प्यायली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतून ते पत्र मी आणलं. पण अर्ज नवा, क्रमांक नवा, आणि शेवटची मंजुरी माझ्या टेबलावर होत नाही, पलीकडच्या कार्यालयात होते. तिथे तिच्या पुढे पुष्कळ आहेत, त्यातले निम्मे आम्हीच परत पाठवून पुन्हा आलेले. ठरवलेले खलाशी दुसऱ्या नौकेवर गेले. मावशी आता धक्क्यावर दुसऱ्यांची मासळी विकत घेते आणि पाटीत घालून विकते. या वयात. माझ्या दारावरून जाते तेव्हा हाक मारते, बोलते, काही धरून ठेवलेलं नाही. तेच मला सहन होत नाही.

सोमवारी मी दिपालीला म्हटलं, आजपासून पुन्हा कच्चं बघायचं. ती म्हणाली, मॅडम, आकडा पडेल. मी म्हटलं, पडू दे. ती म्हणाली, अकरा महिन्यांनी काय? मी म्हटलं, तेव्हा मी नसेन, म्हणून मला हे बोलणं सोपं आहे, तू ठरव. तिने दिवसभर ठरवलं नाही. मंगळवारी सकाळी आली, डबा ठेवला, अर्जांची यादी आणि मोबाइल घेतला आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर जाऊन उभी राहिली. तिथे रेंज येते. जाता जाता म्हणाली, आपला कागद अडला असता तर आपल्यालाही कोणी फोन करावा असं वाटलंच असतं. मी तिच्यामागे गेले.

पहिला फोन गोराईच्या एका माणसाला. त्याच्या अर्जाला नौकेच्या विम्याची प्रत नव्हती. दिपालीने नेहमीसारखं सांगितलं, दादा, परवाना शाखेतून बोलते, तुमचा एक कागद राहिलाय, तेवढा पाठवा म्हणजे अर्ज परत जाणार नाही. मग तो काहीतरी बोलला आणि दिपालीचा चेहरा उतरला. तिने फोनवर हात ठेवला.

“मॅडम, ते विचारतायत, किती द्यायचे.”

संघू, इतक्या वर्षांत हे आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. तुला आणि मला, एकदाही नाही. दीड महिना पुरला. किनाऱ्यावर बातमी फिरली असणार, की आता तिथेही अर्ज परत येतात, आणि अशा जागेवरून फोन आला की त्याचा अर्थ एकच होतो.

मी फोन घेतला. त्या माणसाला माझं नाव सांगितलं, पद सांगितलं, वेसावे कोळीवाड्यातली म्हणून सांगितलं, आयचं नाव सांगितलं. काही द्यायचं नाही, फक्त कागदाचा फोटो पाठवा म्हटलं. तो ‘बरं बाई’ म्हणाला, पण त्याला पटलं नाही हे आवाजात कळत होतं. संध्याकाळपर्यंत कागद आला नाही. बुधवारीही नाही. आज दुपारी दिपाली पुन्हा जिन्यात गेली आणि त्याला पुन्हा फोन लावला.

आमचा आकडा या महिन्यापासून खाली येईल. आधीच कळवते आहे, म्हणजे समितीत कोणी विचारलं तर तुला कारण माहीत असेल. हे पत्र घरीच ठेव, कार्यालयात नेऊ नकोस.

तुझी,
रत्ना